बोअर नंबर चारमधली वाळू

आधीच सांगून ठेवतो, चमत्कार मानणाऱ्यांतला मी नव्हे. माझं उभं आयुष्य जमिनीला भोकं पाडण्यात गेलं. वर चिखल असतो, त्याखाली मुरूम असतो, त्याखाली काळा दगड. त्याच्याही खाली पाताळ वगैरे असलंच तर आमचा पाइप तिथवर पोचत नव्हता. भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून पान खायला जातो. असा मी, आणि आज हे लिहायला बसलोय... कारण ऐंशी पार केली, आणि ही एक गोष्ट अजून घशात अडकून आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. ठाण्याला कोलशेतच्या खाडीत मोठ्या होड्यांसाठी एक धक्का बांधायचं घाटत होतं. धक्क्याचे खांब टेकायला खडक किती खोल आहे आणि त्याच्या वर गाळाचे कोणते थर आहेत, ते बघायचं काम आमच्या कंपनीकडे आलेलं. दोन होड्या एकमेकींना बांधायच्या, वर फळ्यांचा माचा, माच्यावर तीन पायांचं तिकाटणं, आणि त्याला टांगलेला पाइप खाली ठोकत जायचा. पहिले आठ फूट नुसतं पाणी, त्याखाली दर तीन फुटांवर जे काही वर येईल त्याचा नमुना बरणीत भरायचा, झाकण मेणाने बंद करायचं, वर चिठ्ठी डकवायची. काचेच्या बरण्या होडीत फुटायच्या, म्हणून आम्ही लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या वापरत होतो.

मी तिथे ओव्हरसिअर होतो... टेम्पररी. हा टेम्पररी शब्द माझ्या सासऱ्यांना माहीत नव्हता. कल्याणला मुलगी बघायला गेलो तेव्हा नोकरी कायम आहे असं मी सांगून बसलेलो. धक्क्याचा रिपोर्ट नीट गेला की साहेब मला कायम करणारच होते. म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो, जरा आधी बोललो होतो, अशी मी स्वतःची समजूत घातलेली. पण रिपोर्टात घोळ झाला असता तर नोकरी जाणार होती, आणि पाठोपाठ कल्याणला माझी अब्रूही. त्या पावसाळ्यात मला नीट झोप लागायची नाही ती यामुळे.

आमचे आपटेसाहेब डोंबिवलीचे. भूगर्भशास्त्रातला जाणता माणूस, पण वागणं विचित्र. नमुना हातात आला की आधी वास घ्यायचे, मग चिमूटभर सरळ तोंडात टाकायचे. "दाताखाली कचकचलं तर गाळ, लोण्यासारखं विरघळलं तर चिकणमाती," असं चिखल चघळत चघळत सांगायचे. नव्या माणसाला वाटायचं, यांना घरी जेवायला घालतात की नाही!

बोअर नंबर चार झाला तो माझ्या लग्नाच्या आठवड्यात. मी रजेवर. रामजी मुकादमाने थर वर काढले, बरण्या भरल्या, मेण लावलं. परत आल्यावर मी एकेक बरणी उघडून वर्णन लिहू लागलो. दहा झाल्या. अकराव्या बरणीत अडतीस ते एक्केचाळीस फुटांचा नमुना होता... नेमका खडकाच्या वरचा थर, सगळ्यात महत्त्वाचा. ती उघडणार तोच पाऊस सुरू झाला आणि कोलशेतची आमची झोपडी गळायला लागली. काम बंद. रामजी आपल्या गावी रत्नागिरीकडे गेला. मी सगळ्या बरण्या बैलगाडीत घालून नौपाड्याला घरी आणल्या आणि पलंगाखाली ओळीने मांडल्या. शेजारी आईने लग्नानंतर गावी परत जाताना ठेवलेल्या लोणच्याच्या बरण्या होत्या. माझी अक्कल बघा.

गणेश चतुर्थीच्या सकाळी पलंगाखाली वाकलो तर अकरा नंबरची जागा रिकामी. बरणी मोरीत, घासून पुसून उपडी घातलेली.

"कुसुम, अगं ही बरणी..."

"हो, धुऊन ठेवलीय. लिंबाचं लोणचं घालीन म्हणते."

"पण आत काय होतं?"

"वाळू! अहो, काल हरतालिका नव्हती का? लग्नानंतरची माझी पहिली. आणि या पावसात वाळू कुठून आणायची सांगा. लोणचं काढायला वाकले तर ही बरणी. वरची चिठ्ठी गळून पडलेली. झाकण कसं मेणाने बंद, अगदी सोवळ्यातलं. म्हटलं, आईंनीच ठेवली असणार सुनेच्या हरतालिकेसाठी. किती हो विचार करतात त्या!"

"मग... ती वाळू आता?"

"महादेव केला. पुजला, रात्रभर जागले, आज सकाळी मासुंदा तलावात विसर्जन करून आले."

उपासाने तिचं तोंड सुकलेलं, डोळे जागरणाने लाल, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की ती वाळू कसली होती ते मला सांगवेना. धक्क्याचा पाया जिच्यावर ठरायचा ती वाळू तलावाच्या तळाशी गेलेली. मी म्हटलं, "छान केलंस." आणि बाहेर जाऊन ओट्यावर डोकं धरून बसलो.

तेव्हाच जाऊन साहेबांना सांगायला हवं होतं, हे आज कळतं. तेव्हा डोळ्यांपुढे फक्त सासरे दिसत होते. आमच्या आळीत एका घराचं बांधकाम चाललेलं. तो घरमालक चिकित्सक. खाडीच्या रेतीने भिंतींना ओल येते म्हणून टिटवाळ्याकडून नदीची पिवळी रेती मागवायचा. तिची एक ओंजळ मी बरणीत भरली, मेण लावलं, नवी चिठ्ठी डकवली आणि वहीत लिहिलं — "३८ ते ४१ फूट. भरड पिवळी वाळू." बरणीत वाळू होती असं कुसुमच म्हणाली होती. रंगाची चौकशी मी केली नाही. वाळू म्हणजे वाळू.

दसऱ्यानंतर साहेबांनी बरण्या तपासायला घेतल्या. अकरावी उघडली, वास घेतला, चिमूट तोंडात टाकली... आणि थांबले. खाडीच्या तळाची वाळू खारट असणार, हे मला सुचलंच नव्हतं! घरात मिठाचं मडकं भरलेलं होतं हो, एक मूठ टाकायला काय झालं होतं?

"खारट नाही ही," साहेब म्हणाले.

मी उगाच पुढच्या बरणीचं मेण खरवडू लागलो.

"अरे, खारट नाही! तुला कळतंय का याचा अर्थ?"

अर्थ मला चांगला कळत होता. पण साहेबांचे डोळे चमकायला लागलेले. "नदी! खाडीच्या चिखलाखाली जुनी नदी पुरली गेलीय. गोड्या पाण्याची, केव्हाची कोण जाणे! शाब्बास! हिवाळ्यात चार नंबरच्या शेजारी पुन्हा बोअर घ्यायचा. मी स्वतः माच्यावर उभा राहणार."

म्हणजे आता अडतीस फुटांवर टिटवाळ्याची रेती सापडली नाही, की मी संपलो.

एका रविवारी मनाचा हिय्या करून सगळं कबूल करायला डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. साहेब जमिनीवर नकाशा पसरून त्यावर निळ्या पेन्सिलीने नदी काढत होते. वहिनी चहा देताना हळूच म्हणाल्या, "आमचा वसंता मॅट्रिक झाला तेव्हासुद्धा हे इतके खूश नव्हते." साहेब म्हणाले, "ये, बस. या वळणाला काय नाव द्यावं?" मी चहा प्यायलो, वळणाला एक नाव सुचवलं आणि घरी आलो.

पौषात पुन्हा माचा लागला. सकाळची वेळ, उन्हं स्वच्छ. जुन्या भोकापासून जेमतेम दोन फुटांवर पाइप ठोकायला घेतला. रामजी गावाहून आलेला. त्याला मी आधीच बाजूला घेऊन विचारलं, "मागच्या वेळी अडतीस फुटांवर काय लागलं होतं रे? रंग आठवतो का?"

"वाळू हुती. रंगाचा काय इचारू नका. या खाडीत माणूस उतरला तरी काळाच भायेर येतो."

वीस फूट, काळा चिखल. तीस फूट, काळानिळा चिखल. पस्तीस... तोच. मी मनातल्या मनात कल्याणला जाऊन सासऱ्यांपुढे उभा राहिलेलो, काय सांगावं याची जुळवाजुळव चाललेली. छत्तीस. सदतीस. अडतिसाला पाइप एकदम सैल गेला. रामजीने नमुना वर ओढून फळीवर उपडा केला.

पिवळी वाळू. स्वच्छ पिवळीधमक.

साहेबांनी चिमूट तोंडात टाकली. "खारट नाही!" असं ओरडून ते माच्यावर असे उडाले की दोन्ही होड्या हलल्या. मग पुन्हा एक चिमूट. कपाळावर आठी पडली. "अरे... ही तर गोड आहे."

"गोड्या पाण्याची आहे ना साहेब."

"तसं नव्हे रे. गोड. खाऊन बघ."

मी खाल्ली. खरंच गोड! साखरेसारखी नव्हे, जिभेवर जरा रेंगाळणारी. पाइपमधलं पाणी चाखलं तर नुसतं मीठ. त्या खाऱ्या पाण्यातून वर आलेली वाळू गोड. रामजीपुढे चिमूट धरली तर तो दोन पावलं मागे सरला. "साहेब, आमी मासं खातो, चिखल खात नाय." मात्र दुपारी त्याने कुणालाही न विचारता खाडीला एक नारळ वाहिला, तेही हात जोडून. त्या माणसाने कधी आम्हालासुद्धा हात जोडले नव्हते.

रिपोर्ट गेला. महिन्याभरात मी कायम झालो. कल्याणला पेढे घेऊन गेलो आणि पेढे कशाचे ते सांगता येईना, म्हणून सत्यनारायणाचे म्हणून सांगितले. पुढे धक्क्यासाठी आजूबाजूला आणखी सात बोअर घेतले. एकातही पिवळी वाळू लागली नाही. साहेब म्हणायचे, "नद्या वळणं घेतात." नकाशावरची त्यांची निळी रेघ त्यांनी शेवटपर्यंत पुसली नाही.

मी स्वतःची समजूत घातली की योगायोग असेल. मूळ नमुनाही पिवळ्या वाळूचाच असणार, मी न बघता खरं तेच लिहून गेलो. गोडाचं काय? जीभ फसते कधीकधी. कुसुमला मात्र मी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. पहिल्या हरतालिकेचा तिचा तो चेहरा मला मोडायचा नव्हता.

आपटेसाहेब गेले, मीही रिटायर झालो. मग एका दुपारी जेवणं झाल्यावर तिला सगळं सांगून टाकलं. ती आधी बरणीवरून खूप हसली. मग मी वाळूच्या रंगाशी आलो तशी म्हणाली, "पिवळी? छे. काळी होती."

"कोणती काळी?"

"बरणीतली. काळी कुळकुळीत, आणि वास तर विचारू नका. असला महादेव कसा पुजायचा? म्हणून मी वाटीभर हळद कालवली तिच्यात. पिवळाधमक दिसायला लागला. आणि वास जावा म्हणून पंचामृतात मध घरात होता नव्हता तेवढा ओतला."

मासुंदा तलाव कुठे, कोलशेतची खाडी कुठे... मधे तीन-चार मैल जमीन, आणि वर अडतीस फूट पाणी नि चिखल.

"काय मागितलं होतंस गं महादेवाकडे?" मी विचारलं. "सात जन्म हाच नवरा?"

"ते सगळ्याच मागतात. मी म्हटलं, यांची नोकरी कायम होऊ दे."

"तुला... तुला माहीत होतं?"

"बघायला आलात तेव्हाच. बाबांनी नोकरीचं विचारायच्या आधीच तुम्ही कायम आहे म्हणालात, मग पोहे खाताना म्हणालात, जाताना चपला घालताना पुन्हा म्हणालात. कायम असलेला माणूस एवढ्यांदा सांगतो होय?"

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"मोडलं असतं ना," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

ती जाऊन आता सहा वर्षं झाली. वाळूचं कोडं मला आजतागायत उलगडलेलं नाही. आमच्या क्षेत्रातल्या दोन-तीन तरुण मंडळींना विचारून बघितलं. ती खाडीखालच्या जुन्या नदीपात्रांबद्दल, गाळात मिसळणाऱ्या लोहाच्या रंगाबद्दल खूप काही सांगतात, आणि मी ते लक्ष देऊन ऐकतो. पिवळ्या रंगाचं सगळ्यांकडे काही ना काही कारण असतं. ती गोड का होती, हे विचारलं की समोरचा माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "काका, तुम्ही ती खाल्लीत कशाला?"