मिरचीला नको असलेलं पाणी

ग्लास काचेचा होता. पाहुण्यांसाठी आणलेल्यातला. एरवी आम्हा कामगारांसाठी स्टीलचा असतो, तोही पिंपाला साखळीने बांधलेला. अप्पांनी तो काचेचा ग्लास शेवटच्या टाकीत बुडवून भरला, रुमालाने बाहेरून पुसला आणि माझ्या हातात दिला.

“पी,” ते म्हणाले.

भोवती माणसांचा गोल होता. आजूबाजूच्या गावांतले बागायतदार, म्हसावदकडून आलेले काही, नगरपालिकेचे दोघे-तिघे आणि मोबाइल उंच धरून उभी असलेली त्यांची पोरं. सगळे माझ्याकडे बघत होते. त्याआधी प्लांटवर कुणी माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं.

प्लांट म्हणजे सांडपाण्याचा प्लांट. शहरातल्या संडासांचं, मोऱ्यांचं, हॉटेलांचं सगळं पाणी शेवटी आमच्याकडे येतं. जाळीला चिंध्या, प्लास्टिक, केस अडकतात. मग वाळू बसते. मग मोठ्या टाकीत हवा सोडतात. त्या हवेवर जिवाणू जगतात आणि घाण खातात. गाळ खाली बसतो, वरचं पाणी क्लोरीन मारून नाल्यात सोडतात. मी तिथला ऑपरेटर. हवा किती, गाळ किती, पाण्याचा वास कसा, हे बघणं माझं काम. अप्पा म्हणजे प्लांट चालवायचा ठेका घेतलेले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव जिथे द्यायचं तिथे दिलंय.

ते नाल्यात जाणारं पाणी शेतीला द्यायचं असं ठरत होतं. बागायतदार तयार नव्हते. गटारीचं पाणी मिरचीला दिलं तर ती मिरची बाजारात कोण घेईल, असं त्यांचं म्हणणं. पपईला देऊन बघू म्हणणारा एक होता, त्यालाही बाकीच्यांनी गप्प केलं. म्हणून त्या दिवशी त्यांना बोलावलं होतं. साप मारायचा तर पाहुण्याच्या काठीने, तशातली गत. काठी मी होतो.

टाकीच्या भिंतीवर लाल अक्षरांत बोर्ड आहे, हे पाणी पिण्यासाठी नाही. त्या दिवशी त्यावर ‘हार्दिक स्वागत’चं बॅनर होतं. सकाळी शिडीवर चढून ते मीच बांधलं होतं. अप्पांनी जागा दाखवली, मी दोऱ्या ओढल्या.

मी नुसतंच अप्पांकडे बघितलं. त्यांनी चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं आणि हळूच म्हणाले, “नाल्यानं पानी पिसन मोठा व्हयनात तुम्ही. तुले काय व्हई?”

तुम्ही. माझ्याशी बोलताना अप्पा जन्मात कधी तुम्ही म्हणाले नाहीत. हे तुम्ही मानाचं नव्हतं. त्या एका शब्दात माझा बाप होता, आई होती, आमचा अख्खा डोंगर होता. आम्ही भिल्ल. तळोद्याहून जीप वर चढते, आणि जीप जिथे थांबते तिथून पुढे चालत आमचा पाडा.

त्यानंतर जे झालं ते लिहिताना आजही हात जड होतो.

आमच्यात चार माणसांत हातात प्याला आला की पहिली धार जमिनीला. मोहाची असो, ताडी असो. धार टाकायची आणि मेलेल्यांची नावं घ्यायची. आधी ते पितात, मग आपण. हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही. चालायला जसं शिकतो तसंच हेही येतं. आणि तिथे माणसांचा गोल होता. वडीलधारा माणूस प्याला पुढे करत होता. माझ्या हाताला एवढंच कळलं. हात तिरका झाला. धार खाली पडली. ओठ हलले आणि माझ्या आजाचं नाव बाहेर आलं.

शहराच्या गटारीचं पाणी मी माझ्या आजाला पाजलं.

गोलातून कुणीतरी म्हणालं, “देखा, देवले बी पाजी ऱ्हायना.” सगळे हसले. अप्पा सगळ्यांत मोठ्याने हसले, कारण कार्यक्रमात रंग भरला होता. मी ग्लास तोंडाला लावला आणि संपवला. आधी क्लोरीन लागलं, त्याच्या मागून दुसरं काहीतरी. टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या बागायतदाराने मान हलवली. “इचार करसूत,” तो म्हणाला. मिरचीचा विचार करायला त्यांना वेळ पाहिजे होता. माझ्या पोटाचा विचार एका घोटात उरकला होता.

मान वळवली तर फाटकापाशी बा उभा होता.

मन्हा बाप, असं शहरातली पोरं म्हणतात. आम्ही बा म्हणतो. बा पहिल्यांदाच माझी नोकरी बघायला आला होता. पहाटेची जीप धरून. डोक्यावर फडक्याचं गाठोडं, त्यात याहाने दिलेलं आमचूर. याहा म्हणजे माझी आई. वॉचमनने त्याला आत सोडलं नव्हतं, पाहुणे जाऊ दे म्हणून. पण फाटक गजांचं आहे. गजांतून सगळं दिसतं.

बाला माझ्या कामाचा अभिमान होता. घाणीत काम करतो म्हणून शहरातले लोक माझ्यापासून दोन हात लांब चालतात. बाला ते पटायचंच नाही. मी पहिल्यांदा त्याला काम समजावलं तेव्हा तो सगळं ऐकून म्हणाला, म्हणजे झिराच की. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत खड्डा करतात, तो झिरा. आमच्याकडे झिरा करावा तो बानेच. वाळू उकरायची, पहिलं गढूळ पाणी काढून टाकायचं आणि मग गप्प बसून राहायचं. घाई केली की पाणी परत गढुळतं. लहानपणी मी त्याच्या शेजारी बसून कंटाळायचो, आणि तो ओंजळ भरून आधी मला पाजायचा. माझा मुलगा अख्ख्या शहराचा झिरा करतो, असं तो पाड्यावर सांगत फिरायचा. लोक हसले तरी सांगायचा.

पाहुणे गेल्यावर मी फाटकाशी गेलो. बाने गाठोडं खाली ठेवलं नव्हतं. त्याने मला एकच विचारलं, आमच्या बोलीत. धार कुणाला टाकलीस?

आजाचं नाव त्याने ऐकलं असणार. त्याचाच तो बाप.

माझ्या खोलीवर चल म्हणालो. जेव म्हणालो. तो नको म्हणाला. पिंपातलं पाणी आणून दिलं, साधं, नळाचं, प्यायचं पाणी. त्याने माझ्या हाताकडे बघितलं. तहान नाही म्हणाला. दुपारचं ऊन होतं आणि तो पहाटेपासून उपाशी होता. आमचूर माझ्या हातात देऊन तो स्टँडकडे चालू लागला. मी मागे गेलो नाही. अप्पांनी खुर्च्या आवरायला हाक मारली होती.

पुढे माझं पोट बिघडलं. अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमनं बी बिघडस का?” मीही हसलो. नोकरीत असं हसावं लागतं, ते हसूही पगारातच धरलेलं असतं.

बाने पाड्यावर जाऊन बडव्याला विचारलं. बडवा म्हणजे आमच्यातला जाणता, देवाचं आणि पूर्वजांचं बघणारा. माझ्या वतीने बाने पूर्वजांची माफी मागितली. कोंबडा कापला. पाड्यातल्या माणसांना काय कारण सांगितलं, मला माहीत नाही. याहा म्हणाली, त्याने कुणाला काही सांगितलं नाही, नुसताच बसून राहिला. मी गेलो की तो माझ्याशी बोलायचा. पावसाचं, बैलाचं, जीपच्या वेळेचं. पण माझ्या हातचं पाणी प्यायचा नाही. मी तांब्या भरून पुढे केला की म्हणायचा, ठेव तिथे. मग याहा यायची, तोच तांब्या उचलून द्यायची आणि तो प्यायचा. रागावला होता का? मला आजही सांगता येत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच वर्षीच्या थंडीत बा आजारी पडला. छाती भरून आली होती. मी पोचलो तेव्हा तो डोळे उघडून होता, बोलता येत नव्हतं. ओठ सुकले होते. मी वाटीत पाणी घेतलं, बोट बुडवून त्याच्या ओठांना लावलं. त्याने ओठ मिटले. मी परत लावलं. त्याने मान फिरवली. याहाने वाटी माझ्या हातातून घेतली आणि दोन थेंब सोडले. ते त्याच्या घशाखाली उतरले, मी बघितलं.

लोक म्हणतात, शेवटी माणसाला शुद्ध नसते, मनाला लावून घेऊ नकोस. नसेल शुद्ध. पण याहाचं पाणी त्याला ओळखू आलं. माझंही आलं. बा गेला आणि माझ्या हातचं पाणी त्याच्या घशाला लागलं नाही. हे दुःख मी कुठे नेऊन टाकू? माझ्या प्लांटमध्ये सगळ्या घाणीला टाकी आहे, याला नाही.

कामावर परतलो. पुढे दुसऱ्या कुठल्या तरी नगरपालिकेचे लोक आमचा प्लांट बघायला आले. तेच बॅनर, तीच जागा. तोच काचेचा ग्लास भरून अप्पांनी पुढे केला. पाहुण्यांना म्हणाले, “हाऊ आमना माणूस शे. हाऊ रोज पेस.” मग मला, “पी रे.”

मी ग्लास घेतला आणि ते पाणी टाकीत परत ओतलं. ग्लास त्यांच्या हातात दिला.

“हाई पानी पेवानं नही शे,” मी म्हणालो. त्यांच्याच बोलीत, म्हणजे समजलं नाही असं व्हायला नको.

“काय व्हयनं तुले?”

“काही नही. मी पेवाव नही.”

पाहुण्यांतला एकजण खाली बघू लागला, दुसऱ्याने फोन कानाला लावला. अप्पा हसले. म्हणाले, याचा बाप गेलाय, डोकं ठिकाणावर नाही. माझ्या बापाचं मरणही त्यांना कामाला आलं. दुसऱ्या दिवशी मला पॅनलवरून, म्हणजे ऑपरेटरच्या कामावरून, काढून जाळीवर टाकलं. जाळीवर दाताळ्याने केस आणि चिंध्या ओढाव्या लागतात. करतो मी ते. कामाची लाज मला नव्हतीच कधी.

आमच्या पाड्यातली माझी आतेबहीण तळोद्याला वकिली करते. एका रविवारी तिला सगळं सांगितलं. मध्ये मध्ये थांबलो, तिने घाई केली नाही. मग कपाटातून तिने ॲट्रॉसिटीच्या कायद्याचं पुस्तक काढलं. त्यात गुन्हे कोणते ते ओळीने दिलेत. पहिलाच गुन्हा हा, खाण्यापिण्यालायक नसलेलं आमच्या माणसाच्या तोंडात घालणं, प्यायला लावणं.

मी ती ओळ परत वाचायला लावली. मारहाण पुढे आहे, जमीन बळकावणं पुढे आहे. पाजणं पहिलं आहे. माझ्या आधी या देशात किती जणांना पाजलं असेल, तेव्हा कुठे ही ओळ सगळ्यांच्या आधी लिहावी लागली असेल. तोपर्यंत मला वाटत होतं, चूक माझ्या हाताची. माझा हात तिरका झाला, मी आजाला बाटवलं. त्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं की माझा हात बरोबर होता. तो पूर्वजांना विसरला नव्हता. चूक त्या ग्लासात होती आणि तो ग्लास भरणाऱ्या हातात होती. मी तिथे बसून रडलो. हे बाला सांगायला बा नव्हता, म्हणून रडलो.

तक्रार दिली. ठाण्यात विचारलं, एवढे दिवस काय करत होतास? म्हणालो, लाजत होतो. पुरावा आहे का? आहे. त्यांच्याच पोरांनी व्हिडिओ काढलाय. शहरभर फिरलाय तो, हसायच्या खुणा लावून. माझी धार दिसते, माझे ओठ हलताना दिसतात, अप्पांचा ‘पी’ ऐकू येतो.

आता माणसं येतात माझ्या खोलीवर. मिटवून टाक म्हणतात. परत पॅनलवर घेतील, कायम करतील म्हणतात. परवा अप्पांचा साडू आला होता. चांगला माणूस आहे, आवाज न चढवता बोलला. “पानीच ते पाजं ना रे भो. जहर ते नही पाजं.”

मी त्याला बसायला खाट दिली. म्हणालो, जहर पाजलं असतं तर मी मेलो असतो आणि बाने माझ्यासाठी धार टाकली असती. तुमच्या अप्पांनी पाणीच पाजलं, म्हणून मी जिवंत आहे आणि बा माझ्या हातचं न पिता गेला.

तो उठला. दारात थांबून म्हणाला, इचार कर.

विचार झालाय. अप्पांनी मला जिथे उभं केलं होतं तिथे मी त्यांना उभं करणार आहे, माणसांच्या गोलात. फक्त तो गोल कोर्टातला असेल. तो व्हिडिओ तिथे मोठा करून लावायला सांगणार आहे. तिथे मी सगळ्यांसमोर माझ्या आजाचं नाव सांगेन, मग माझ्या बाचं. ते लिहून घ्यावं लागेल त्यांना. बाने माझ्या हातचं पाणी कसं सोडलं, ते सांगायला साक्षीला याहा येणार आहे. तक्रार मी मागे घेणार नाही.