स्टेशनसमोरची खोली

डहाणू रोड स्टेशनसमोर एक लॉज आहे आणि तिथला मॅनेजर मला नावाने ओळखतो — हे एवढंसं वाक्य मी आजपर्यंत कुणापुढे उच्चारलेलं नाही. आईपुढे नाही, भावापुढे नाही, मस्कतला ज्यांच्याबरोबर एका खोलीत वर्षानुवर्षं झोपलो त्या दोस्तांपुढेही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ऐकून तोंड वाकडं केलंत तरी ते मला दिसणार नाही.

मी एसी मेकॅनिक. आमचा पाडा तलासरीच्या पुढे, हायवे सोडून आत. आयटीआय केलं, थोडे दिवस वापीत काढले आणि मग मस्कतला गेलो. तिथे दिवसभर मी लोकांच्या बेडरूममध्ये शिडीवर उभा असतो. केवढ्या खोल्या असतात हो एकेकाच्या! एक माणूस, एक पलंग, एक दार. संध्याकाळी आमच्या खोलीवर परत आलं की दुमजली खाटा. माझी वरची. खाली कुणी घोरतंय, कुणी फोनवर बायकोशी भांडतंय, आणि आंघोळीला रांग. तक्रार नाही करत, फक्त सांगतोय.

बरं, घरी तरी कुठे दार होतं? कुडाच्या भिंती, एकच मोठी खोली, रात्री सगळे एका ओळीत झोपणार. मी दिवाळीला आलो की पाडाभर बातमी — मस्कतवाला आला. मग कुणाच्या मुलाला तिकडे लावायचंय, कुणाचा पासपोर्ट अडकलाय, कुणी मुलीचा फोटो घेऊन येतंय, कारण माझं लग्न तेव्हा झालं नव्हतं आणि अजूनही नाही. सकाळी तोंड धुवायच्या आधी अंगणात माणसं बसलेली. माझं त्यांच्यावर प्रेम नाही असं समजू नका. आहे. पण प्रेम असलं म्हणून माणसाला कधी एकटं बसावंसं वाटूच नये का?

एका वर्षी मुंबईहून गाडी फार उशिरा पोचली आणि तलासरीची शेवटची जीप निघून गेली होती. नाइलाज म्हणून स्टेशनसमोरच्या लॉजवर खोली घेतली. आत गेलो, कडी लावली, पलंगावर बसलो — आणि कोणीच नव्हतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी कडी लावलेल्या खोलीत एकटा होतो. हसू नका. मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी जीप होत्या, मी गेलो नाही. खाली खानावळीत तळलेलं पापलेट खाल्लं, वर आलो, परत कडी लावली आणि झोपलो.

तेव्हापासून ठरूनच गेलं. घरी तारीख सांगायची ती पुढची. दिवाळीच्या आधी मी डहाणू रोडला उतरायचो, मॅनेजर म्हणायचा, "आवी गया, भाई?" आणि खिडकीतून स्टेशन दिसतं ती पहिल्या मजल्यावरची खोली द्यायचा. घरच्यांच्या हिशेबी मी त्या वेळी मस्कतला असायचो. याची लाज वाटते का? नाही. तुम्हाला आवडो न आवडो, या खोटेपणाची मला आजही लाज वाटत नाही.

पण एवढ्यासाठी तुम्हाला थांबवून बोलत बसलो नसतो. पुढचं सांगायला जीभ जड होते — तरी सांगतो.

आमच्याकडे नवा भात असाच शिजवून खात नाहीत. आधी देवाला आणि पितरांना दाखवायचा, मग घरच्यांनी एकत्र बसून खायचा. त्याला आम्ही 'नवं' म्हणतो. त्या दिवशी काकडी किसून नव्या तांदळाच्या पिठात कालवायची, पानात गुंडाळून वाफवायची, त्या सावेल्या. बाकीच्या घरांत जो हजर असेल त्याने खावं, असं चालतं. आमच्या आईचं तसं नाही. दोन्ही मुलगे पंगतीला असल्याशिवाय ती नव्या तांदळाचं मडकं चुलीवर ठेवणार नाही. वडील गेल्यापासून तिचा हा हट्ट जास्तच वाढला. तोवर रेशनचा तांदूळ.

माझा मोठा भाऊ देवजी. तो खलाशी, पोरबंदरच्या बोटींवर जायचा. आमच्या भागातले पुष्कळ जातात. दिवाळीला बोटी बंदरात लागल्या की हे सगळे घरी येणार आणि तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बोलावेल त्या दिवशी परत निघणार. त्या वर्षी तांडेलाने सगळ्यांना लवकर बोलावलं. दादाला कळलं तेव्हा सकाळ होती आणि निघायचं दुसऱ्या दिवशी. त्याने मला फोन लावला, नेटवरून, मस्कतला लावतात तसा.

मी लॉजच्या पलंगावर पडलो होतो.

तेवढ्यात बाहेर स्टेशनची घोषणा सुरू झाली. मी फोन घेऊन संडासात पळालो, दार लावलं आणि नळ सोडला. दादाने विचारलं, आवाज कसला. म्हटलं, एअरपोर्टवर आहे, विमान लेट झालंय. मग तो जे बोलला ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "तू उद्यापरत येत आसशील तं मी थांबतां. तांडेल दुसरा माणूस घेल, माना मागशी दुसरी बोट मिळंल. नवं खाऊन जाईन."

तासाभराचा रस्ता होता. जीपने जास्तीत जास्त तासाभराचा! मी हो म्हटलं असतं, बॅग उचलली असती, तर संध्याकाळी आई चुलीपुढे बसली असती. विमान मग लगेच सुटलं, अशी थाप मारायलाही काही अवघड नव्हतं. थापा मारण्यात मी तोवर तयार झालो होतो. पण त्या दिवशीची दुपार माझी होती. वर्षभर तिची वाट पाहिली होती. मी म्हटलं, नाही जमणार, परवा तरी होईल, तू थांबू नको, हातची बोट कशाला सोडतोस. तो बरं म्हणाला. म्हणाला, जपून ये. मी नळ बंद केला आणि खरं सांगायचं तर पुढे छान झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी चहा पीत उभा होतो. स्टेशनच्या दारात खलाशांचा घोळका दिसला. खांद्यावर पिशव्या, बगलेत गोधड्या. त्यांची गुजरातकडची गाडी यायला वेळ असावा, कारण सगळे पायऱ्यांवर निवांत बसले होते, कुणी वडापाव खात होतं. दादा बसला नव्हता. तो दाराच्या बाजूला उभा होता. मुंबईहून लोकल आली आणि माणसं बाहेर पडायला लागली तेव्हा मला समजलं, तो काय करतोय. तो एकेकाचं तोंड बघत होता. मोठी बॅग घेतलेला कुणी दिसला की दोन पावलं पुढे जायचा, मग परत मागे. कदाचित विमान सुटलंच असेल, कदाचित याच गाडीने येईल, निदान तोंड तरी दिसेल — आणखी काय असणार त्याच्या मनात?

आणि मी काय केलं? पडदा ओढला.

जिना उतरायला कितीसा वेळ लागला असता! पण खाली जाऊन सांगायचं काय? कुठल्या विमानातून आलो, लॉजच्या जिन्यावरून कसा आलो? भीती वाटली, हे कबूल. पण नुसती भीती नव्हती. राग होता. त्याचाच राग — इथेसुद्धा का आलास, एवढीशी खोली ती पण मला ठेवणार नाहीस का, असा. सख्ख्या भावाचा, जो माझं नुसतं तोंड बघायला उभा होता त्याचा, मला राग आला. पडद्याच्या फटीतून मी त्याला घोळक्याबरोबर आत जाताना पाहिलं. त्याने जाताना एकदा मागे वळून रस्त्याकडे बघितलं.

ठरलेल्या दिवशी मी घरी गेलो. आई म्हणाली, थोडक्यात चुकामूक झाली रे. नवं तिने केलंच नाही. म्हणाली, होळीला देवजी येईल तेव्हा करू.

होळीला देवजी आला नाही. त्याआधीच त्यांची बोट समुद्रात पलीकडच्या हद्दीत गेली म्हणून धरली आणि सगळ्यांना कराचीच्या तुरुंगात नेलं. आमच्याकडच्या घरांना ही बातमी नवी नाही. कुठल्या ना कुठल्या पाड्यावर येतच असते. आमच्या घरी ती पहिल्यांदा आली. वहिनी दिवसभर उंबऱ्यावर बसून राहिली. आई रडली नाही. तिने नव्या तांदळाचं मडकं उपडं घालून ठेवलं, आणि देवजी येईपर्यंत घरच्या शेतातला दाणा तोंडात घातला नाही. शेजारीपाजारी समजावून थकले. दर दिवाळीला मी तिच्याशेजारी बसून रेशनचा भात खात होतो आणि माझ्या घशाखाली तो व्यवस्थित उतरत होता. उतरला नाही असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण उतरत होता.

आणि आता ते ऐका, जे ऐकून तुम्ही पुस्तक मिटाल. त्या वर्षांतही मी लॉजवर जात होतो. भाऊ कराचीत गजांआड, आई उपडं मडकं सांभाळतेय, आणि मी डहाणू रोडला कडी लावून पापलेट खातोय. एकदा वाटलं, बास, या वर्षी सरळ घरी. उतरलो, जीपपाशी गेलो, बॅग टपावर टाकली — आणि परत उतरवून घेतली.

दादा सुटला. पुष्कळ दिवाळ्या गेल्यावर सुटला. सरहद्दीवरून पंजाबात सोडलं, तिथून रेल्वेने आणलं, मग बसने. केस पांढरे झाले होते, खालचे दात गेले होते. त्याचा मुलगा त्याला बघून वहिनीच्या मागे लपला. आईने त्याच दिवशी मडकं उताणं केलं. मी कामावर होतो. त्यांनी मला फोनवर पंगत दाखवली. पण पानात रेशनचाच भात होता; नव्या तांदळाचा घास आईने दादालाही घेऊ दिला नाही. नवं मी दिवाळीला आल्यावरच झालं.

त्या दिवशी जेवून आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. त्या फोनचा विषय त्यानेच काढला. मला वाटलं, आता विचारणार. तो म्हणाला, "विमान का तुझे हातात व्हता? आन मी थांबलो आसतो तं माझे जागेवर दुसरा गेला आसता. त्याला पण आई हायेच ना." एवढं बोलून त्याने विडी पेटवली. माझी सुटका त्याने स्वतःहून माझ्या ओंजळीत टाकली होती. फक्त त्याला माहीत नव्हतं, कशातून. मी म्हटलं, हो ना, विमानच लेट होतं. त्याच्या तोंडावर, त्याच्या शेजारी बसून, परत म्हटलं.

आता तो बोटीवर जात नाही. घोलवडच्या बाजूला एका चिकूच्या वाडीत कामाला जातो. वाडीतल्या लोकांना तो धाकट्या भावाच्या विमानाची गोष्ट सांगतो, आणि माझी बाजू घेऊन सांगतो.

मी त्याला कधीच सांगणार नाही. माफी मागायची तर आधी ती खोली सोडावी लागेल, आणि ती मी सोडणार नाही. परवाच त्याचा फोन होता, दिवाळीला कवा येतोस म्हणून. मी तारीख सांगितली. पुढचीच सांगितली. मॅनेजरलाही कळवलं.

खोली मात्र हल्ली मी मागच्या बाजूची घेतो. तिथून स्टेशन दिसत नाही.