मैनांच्या भरवशावर

मुखरूची बायको रंभा भारी तोंडाळ, असं गावात कोणीही सांगितलं असतं. साधं "जेवाले या" म्हणायचं, तरी चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशी ओरडायची. मुखरू बिचारा गरीब गाय, म्हणे.

गरीब कसला! पक्का हेकट माणूस. कान कधीचे गेले होते, पण कबूल करील तर शपथ!

धान चुरून, म्हणजे मळणी होऊन दाणे मोकळे झाले, की मुलचेऱ्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर एका कडेला वाळत घालायचं, ही गावाची रीत. राखणीला मुखरू. ट्रकचा आवाज त्याला येईना, पण त्याने युक्ती काढली होती. धानावर मैना उतरायच्या. ट्रक लांबच्या मोहाच्या झाडाजवळ आला की साऱ्या भुर्रकन उडायच्या, आणि मुखरू बाजूला व्हायचा. "पाखरं काऊन हाकलत नाई?" असं कोणी जवळ येऊन विचारलं तर म्हणायचा, "खाऊ दे, त्याईचाबी वाटा आहे." लोकांना केवढा दयाळू वाटायचा!

मग लोहखनिजाचे ट्रक वाढले. दिवसभर रांगच. मैनांनी तरी उडायचं किती? त्या शहाण्या झाल्या. ट्रक अगदी जवळ येऊ देत, मग दोन उड्या मारून पांढऱ्या पट्टीपलीकडे. चाक गेलं की परत दाण्यावर. मुखरूच्या मात्र हे ध्यानातच आलं नाही.

त्या दुपारी तो ट्रक यायच्या दिशेकडे पाठ करून पायाने धान चाळत होता. मैना निवांत टिपत होत्या, म्हणून तोही निवांत. रंभा डबा घेऊन येत होती. तिला ट्रक दिसला. ती ओरडली, डबा टाकून धावली. मैनांनी दोन उड्या मारल्या, तेवढ्यात तिने मुखरूला दंड धरून कडेला ओढलं. ट्रक धान उडवत निघून गेला.

"मैना उडाल्याच नाई वो," मुखरू म्हणाला.

"कायले उडतीन? त्याईले सवय झाली!" रंभा त्याच्या कानाशी ओरडली.

मुखरूचा चेहरा उतरला. "माह्या कानाचं तुले कवापासून मालूम?"

"मालूम नसतं तं एवढी ओरडून राह्यली असती का मी? गाव तोंडाळ म्हणते, म्हणू द्या. तुमाले बहिरा म्हणतीन, त्यापक्षा बरं."

मुखरूला रडूच कोसळलं. आपली अब्रू ही बाई स्वतः शिव्या खाऊन झाकत होती.

संध्याकाळी तो पानठेल्यावर गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मले ऐकू येत नाई. माही रंभा तोंडाळ नाई."