प्रेमिलाताईंच्या नावाची किंमत

नागपुरात, इंदोऱ्याला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी ‘सोमकुवर कन्स्ट्रक्शन’चं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि कोपऱ्यात स्लॅबखाली लावायच्या सेंट्रिंगच्या प्लेटांचा ढीग. ते चालवतात प्रेमिला सोमकुवर. आमचं घर त्यांनीच बांधलं. तेव्हापासून आमचं येणं-जाणं आहे आणि ही हकीकत बरीचशी मी त्यांच्याच तोंडून ऐकलेली आहे.

त्यांचे वडील कामठीला पॉवरलूमवर होते. पोरीनं इंजिनिअरिंग शिकावं हा त्यांचा हट्ट. डिप्लोमा झाल्यावर प्रेमिलाताईंनी काही वर्षं दुसऱ्यांच्या साइटवर सुपरवायझर म्हणून काढली. मग नवरा धम्मानंद, जो शाळेत क्लार्क होता, त्याच्या पगाराच्या भरवशावर भाड्याचा काँक्रीट मिक्सर घेतला आणि लहानू नावाच्या मुकादमाला सोबत घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. बाई ठेकेदार आहे म्हटल्यावर लोक आधी चहा पाजायचे आणि मग काम दुसऱ्याला द्यायचे.

ते बदललं कामठीच्या एका घरामुळे. मालक फौजेतून निवृत्त झालेले, बांधकाम चालू असताना मुलाकडे पुण्याला गेले होते. तळमजल्याचे कॉलम उभे झाले आणि त्याच काँक्रीटचे ठोकळे तपासणीला पाठवले, तर ते ठरलेल्या दाबाच्या कितीतरी आधीच फुटले. सिमेंटच्या काही गोण्यांना ओल लागलेली होती. लहानू म्हणाला, “ताई, प्लास्टर झाल्यावर कोणाले दिसते?”

“स्लॅबले दिसते गा,” प्रेमिलाताई म्हणाल्या, “अन् मले दिसते.”

त्यांनी कॉलम फोडायला लावले. मालक परत आले तेव्हा घराच्या जागी मलबा होता. ते अंगणातूनच ओरडायला लागले. प्रेमिलाताईंनी तपासणीचा कागद त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, “खर्च माझा. तुमचं घर दोन महिने उशिरा होईल, पण उभं राहील.” त्या वर्षी धम्मानंदच्या प्रॉव्हिडंट फंडातून घर चाललं. पण फौजी माणसानं ही गोष्ट कामठीच्या लष्करी छावणीभर सांगितली आणि त्यानंतर ताईंना काम शोधायला जावं लागलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या एका मोठ्या बांधकाम कंपनीचे मॅनेजर, जितेंद्र नावाचे, ऑफिसात आले. त्यांना सोमकुवर कन्स्ट्रक्शन विकत घ्यायचं होतं. पाटी तीच राहणार, ताईंनी मात्र बाजूला व्हायचं. दोन कोटी रुपये: अर्धे रोख, अर्धे त्या कंपनीच्या शेअरमध्ये.

धम्मानंद खूश झाला. “आता बस झालं वं. गुडघे पाह्य तुझे. घे अन् आराम कर.”

ताईंनाही मोह झाला, हे त्या लपवत नाहीत. तरी त्या सगळे कागद घेऊन गांधीबागेच्या बाजारात गेल्या. तिथे कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर गणपतराव बसतात. ते सीए आहेत, सत्तरी ओलांडलेले, आणि सुरुवातीपासून ताईंचे हिशेब तेच बघतात.

गणपतरावांनी आधी ताईंचाच ताळेबंद उघडला. “मिक्सर, प्लेटा, टिप्पर, गोडाऊनची जागा, लोकांकडून येणं. त्यातून देणं वजा केलं का होते ऐंशी लाख. ते देऊन राहिले दोन कोटी. वरचे एक कोटी वीस लाख कायचे?”

“तुम्हीच सांगा काका.”

“नावाचे. हिशेबात त्याले गुडविल म्हणतात.”

ताईंनी ताळेबंदावर बोट फिरवलं. “मग इथं काहून नाही लिहिलं?”

“स्वतः कमावलेलं गुडविल स्वतःच्या ताळेबंदात लिहिता येत नाही. आपलं नाव आपण कितीबी फुगवून सांगू शकतो नं. कोणी पैसे मोजून विकत घेतलं, का मग ते घेणाऱ्याच्या मालमत्तेत चढते.”

ताई हसल्या. “म्हणजे कामठीचे कॉलम फोडले मी, अन् मांडले जातील त्याहींच्या वहीत.”

मग गणपतरावांनी त्या कंपनीचा ताळेबंद पुढे ओढला. एकूण मालमत्ता शंभर रुपये धरली तर त्यातले पंचावन्न रुपये गुडविलचे होते. क्रेन, जमीन, यंत्रं, बँकेतली शिल्लक, सगळं मिळून पंचेचाळीस.

“हे वाईट आहे का?” ताईंनी विचारलं.

“सरसकट वाईट नाही. जो कंपन्या विकत घेत जाते त्याच्याकडे गुडविल राहणारच. पण क्रेन विकता येते, जमीन गहाण ठेवता येते. गुडविल असं सुटं काढून विकता येत नाही. घेतलेलं नाव चाललं नाही, तर तो आकडा एक दिवस खोडावा लागते, अन् खोडला का तेवढी भागधारकांची पुंजी कमी होते. म्हणून एकूण मालमत्तेत गुडविलचा हिस्सा किती, ते पाहायचं. तुमचे एक कोटी शेअरमध्ये आहेत, ताई. म्हणजे तुम्ही ह्याच शंभरातला वाटा घेऊन राहिल्या.”

ताईंनी पंचावन्नच्या आकड्याकडे बघितलं आणि विचारलं, “हे नाव कोणाचं आहे, काका?”

गणपतरावांनी मागची पानं चाळली. चार छोट्या कंपन्या घेतलेल्या होत्या. त्यातली एक बुटीबोरीची, कारखान्यांचे शेड बांधणारी.

दुसऱ्या दिवशी ताई बुटीबोरीला गेल्या. जुन्याच नावाची पाटी नवी कोरी रंगवलेली होती. आत जुन्या माणसांपैकी कोणी नव्हतं. समोरच्या कारखान्यातला स्टोअरकीपर म्हणाला, शेड गळून राहिलं, फोन केला तर फोनवरची मुलगी तक्रार नंबर देते, माणूस येत नाही. त्यानंच जुन्या साइट इंजिनिअरचा पत्ता दिला. तिचं नाव रितिका. ती आता घरूनच नकाशे काढून द्यायची.

“पहिल्या वर्षी जुने गवंडी कमी केले,” रितिका म्हणाली. “मग मुकादम गेले. मी एकटी कोणाकोणाला तोंड देणार होती? मी पण निघाली.”

“अन् तुमच्या कंपनीचं गुडविल?”

रितिकाला प्रश्न समजला नाही. ताईंना उत्तर मिळालं होतं. माणसं गेली होती, आकडा ताळेबंदात जसाच्या तसा बसला होता.

जितेंद्र पुन्हा आले तेव्हा ताईंनी दोन अटी सांगितल्या. सगळे पैसे रोख, आणि लहानूसकट सगळ्या माणसांना तीन वर्षं कामावर ठेवायचं, लेखी. जितेंद्र भले गृहस्थ होते. त्यांनी तिथूनच फोन केला, बराच वेळ बोलले. रोख रकमेचं बघता येईल, म्हणाले, पण माणसांची हमी कंपनी देत नाही.

“मग साहेब, तुम्ही वरचे एक कोटी वीस लाख कायचे देऊन राहिले?” ताईंनी शांतपणे विचारलं. “माहे मिक्सर तर ऐंशी लाखातच आले.”

जितेंद्रांनी चहा संपवला. “मॅडम, हे मी वर सांगून पाहीन,” म्हणाले. पण वरून पुन्हा फोन आला नाही.

धम्मानंद चार दिवस धड बोलला नाही. निदान एक कोटी तरी रोख मिळणार होते तेही हातचे गेले, याचं त्याला खरंच वाईट वाटलं, आणि ताईंनाही वाटलं. गुडघे तर दुखतच होते. पण बुटीबोरी बघून आल्यापासून एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती: आपण बाजूला झालो की आपल्याकडचंही तेच होईल, कोणी विकत घेवो की न घेवो. म्हणून त्या पुन्हा गांधीबागेत गेल्या आणि भागीदारीचे कागद करायला सांगितले. भागीदार तीन: त्या स्वतः, लहानू आणि सहा वर्षांपासून साइट बघणारी इंजिनिअर प्रीती. रितिकालाही त्यांनी नकाशांच्या कामासाठी बोलावून घेतलं.

गणपतराव म्हणाले, “नवीन भागीदार आला का तो जुन्याला गुडविलपोटी काही रक्कम देते. रीत आहे तशी. किती लिहू?”

“काही लिहू नका,” ताई म्हणाल्या. “त्याहींनी अगोदरच दिलं आहे.”

लहानूनं सही करायच्या आधी हात पँटीला दोनदा पुसले.

गेल्या वर्षी बातमी आली, त्या मोठ्या कंपनीनं ताळेबंदातलं बरंचसं गुडविल खोडलं आणि शेअर पडला. धम्मानंदनं पेपर ताईंपुढे धरला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, “ज्याहींचं नाव गेलं त्याहींच्याबद्दल वाईट वाटते.”

आता त्या सकाळीच साइटवर जातात आणि जेवायला घरी येतात. परवा दुपारी मी त्यांच्या घरी बसले होते. रेतीवाल्याचा फोन आला. माती मिसळलेली रेती आहे म्हणून प्रीतीनं त्याचा ट्रक परत पाठवला होता. तो चिडून विचारत होता, मॅडम, हे तुम्हाला तरी मालूम आहे का?

“नव्हतं,” ताई म्हणाल्या, “आता झालं. पण ट्रकचं तिच्याशीच बोला. ती मालकीण आहे.”

फोन ठेवून त्यांनी ताटावरचं झाकण काढलं आणि मला म्हणाल्या, “बस वं, जेवून जाय.”