शेवटच्या सीटवर बसवायचा माणूस

शोरूममध्ये शिरल्यावर माणसं आधी गाडीचं तोंड बघतात, मग रंग, मग दार उघडून स्टिअरिंगला हात लावतात. माझी आई थेट मागे गेली.

"मागचा दार उघड र," तिनं सेल्समनला सांगितलं.

टाय लावलेला पोरगा, पनवेलचाच असावा. त्यानं डिकी उघडली. "काकू, सामानाची स्पेस बघताय? दोन मोठ्या बॅगा आरामात बसतात."

"बॅगा नाय. शेवटच्या शीटवर मानूस कसा बसतो ता बघायचा हाय."

त्यानं मधली सीट दुमडून दिली आणि आई नऊवारी आवरत आत घुसली. मासळीबाजारात पाटावर बसून बसून तिचे गुडघे गेलेले. तिला चढताना बघून माझा जीव खालीवर होत होता. ती शेवटच्या सीटवर बसली, पाय जवळ घेतले, डोकं टपाला लागतं का बघितलं आणि डोळे मिटून घेतले. सेल्समन माझ्याकडे बघायला लागला. मी गाडीच्या टायरकडे बघायला लागलो.

"ही नको," ती बाहेर येत म्हणाली.

"का काकू? मागच्या रोला पण एसीचा व्हेंट दिलाय. लाँग ड्राइव्हला एकदम कम्फर्टेबल."

"म्हनून तं नको."

मी आखातात ट्रेलर चालवतो. नववीतनं शाळा सुटलेल्या माणसाला तिथं कोण विचारणार होतं? पण पनवेलच्या बाजारात आईच्या बाजूला सुक्या मासळीचं दुकान असलेल्या एका चाचांनी भावाला सांगून माझा व्हिसा काढला. त्यांची आठवण काढल्याशिवाय मी अजून इंजिन चालू करत नाही. तिकडे खोलीतल्या खाटेवर पडून मी कितीतरी वेळा ही गाडी मनात घेतली होती. ती लहान असायची. उतरायला चढायला सोपी, आईला डॉक्टरकडे नेता येईल अशी. बायको नवीन पनवेलच्या ड्रायव्हिंग क्लासला जाऊन शिकली होती, तिला गल्लीतनं काढता येईल अशी. सुट्टीवर आलो आणि म्हटलं, आये, चल, तुज्या पसंतीची घेऊ. आईची पसंती ऐकली आणि माझी लहान गाडी तिथंच राहिली. तिला सात जण बसतील अशीच पाहिजे होती, आणि सातवी जागा वाईट पाहिजे होती.

तिथं तिला माझ्या थोरल्या काकाला बसवायचं होतं.

ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की मी त्या गाडीत नव्हतो यावर माझाच विश्वास बसत नाही. आमचं मूळ घर उरणजवळ करंजाला. बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. सगळ्या भावकीत जीप एकट्या थोरल्या काकाकडे. एका सकाळी बंदरावर जाळी ओढताना बापाच्या छातीत दुखायला लागलं. मी तेव्हा उरणला शाळेत होतो. काकानं जीप काढली, बापाला मधल्या सीटवर आडवं केलं, डोकं स्वतःच्या मुलाच्या मांडीवर दिलं. आई बापाच्या उशाशी बसायला गेली तर काका म्हणाला, "तू नको. तू रडून गोंधल करशील. तू मागं बस." आणि गाडी पनवेलला चाललीच आहे तर म्हणून मासळीच्या चार पाट्याही मागे टाकल्या. आई त्या पाट्यांमध्ये, आडव्या बाकावर, पदर तोंडाला धरून.

तिथून तिला बापाचं काहीच दिसत नव्हतं. सीटची पाठ दिसत होती आणि काकाची टोपी. म्हणून ती बोलत राहिली. "जरा दम काड. उरान गेला. जासई आली. आला पनवेल, आला." तो उत्तर देत नव्हता, पण त्याला बोलायला त्रास होत असेल असं तिला वाटलं. काका एकदाच मागे वळला आणि पुन्हा पुढे बघायला लागला.

बाप वाटेत जासईलाच गेला होता. ज्याच्या मांडीवर डोकं होतं त्याला कळलं, त्यानं काकाला खूण केली, दोघं गप्प राहिले. हे पुढे त्या मुलानंच आईला सांगितलं. पनवेलच्या दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं तेव्हा काका म्हणाला, "आता रड."

मी त्यानंतर शाळेत गेलो नाही. आई मला घेऊन पनवेलला मावशीकडे आली आणि पाटी घेऊन बाजारात बसली. करंजाला लग्नाकार्याला जायची, काकाच्या पाया पडायची, परत यायची. आणि रात्री जेवताना कधी मधेच म्हणायची, "जासईपास्नं पनवेलपत्तुर मी मेलेल्या मानसाशी बोलत व्हते. आनि त्याला म्हाईत व्हता."

तर गाडी.

आम्ही पनवेलमधली शोरूमं पालथी घातली. एका ठिकाणी शेवटच्या सीटची पाठ मागे झुकत होती, ती गाडी बाद. एका गाडीत काच उघडत होती, तीही बाद. माझ्या बायकोला एक गाडी फार आवडली होती, पांढरी, मऊ सीटची. आईनं मागं बसून बघितलं आणि बाहेर येऊन तिला म्हणाली, "पोरी, ह्यात तं तो घोरंल."

शेवटी एक सापडली. मागची सीट म्हणजे नुसती फळी. बसलं की गुडघे छातीशी, बाजूची काच बंदच, टप डोक्यावर. आई बराच वेळ आत बसून राहिली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बाजारात ताजं पापलेट आल्यासारखा झाला होता.

"ही."

सेल्समन प्रामाणिक निघाला. "काकू, खरं सांगतो, हिची लास्ट रो फार टाइट आहे. लहान मुलंच बसतात तिथे."

"मना पोरा नाय बसवायची. एक म्हातारा बसवायचा हाय."

"अहो, आजोबांना त्रास होईल ना!"

"किती व्हईल?"

त्याला वाटलं काकू काळजीनं विचारतायत. तो म्हणाला, "तास-दीड तास बसले तर कंबर धरेल."

"घे र हीच," आई मला म्हणाली.

घरी येताना मी म्हणालो, "आये, ही उंच हाय. तुजे गुडगे?"

"मी पुडं बसनार हाय. पुडं चढाया पायरी हाय."

"आनि काका नायच बोल्ला तं?"

"कसा नाय बोलंल? नारल कोन फोडनार?"

तिचं बरोबर होतं. आमच्यात नवी होडी पाण्यात घाला की नवी गाडी दारात आणा, नारळ भावकीतला थोरलाच फोडतो. आणि गाडीची पहिली फेरी कार्ल्याला एकवीरा आईला. ज्यानं नारळ फोडला त्यानं सोबत जायचं. देवीला जायला नाही म्हणणारा माणूस आमच्या बंदरावर अजून जन्मला नाही. भाऊ बोलत नसले तरी एका गाडीत बसून देवीला जातात आणि परत आल्यावर पुन्हा बोलत नाहीत.

तरी मला भीती वाटत होती. देवीच्या वाटेवर असलं काही मनात घेऊन जावं का? आईला विचारलं तर म्हणाली, "देवीचा देवी बघंल. तू गाडी बघ."

जायच्या दिवशी सकाळी तिनं आम्हाला बसवून सांगितलं. माझी बायको, दोन्ही मावश्या आणि मी. "जासई आली का तोंडा बंद. पनवेलचा दवाखाना येईपत्तुर कोनी काय बोलायचा नाय. त्यानं काय बी इचारला तरी." धाकटी मावशी झोपेतही बोलते. ती म्हणाली, "बाय, मना जमंल का गो?" आई म्हणाली, "पदर कोंब तोंडात."

करंजाला गाडी जुन्या घरासमोर उभी केली. काका धुवट कपडे घालून, टोपी घालून आला. म्हातारा झाला होता, पण चाल तीच. नारळ फोडला, चारी चाकांवर पाणी शिंपडलं, बॉनेटवर थाप मारली. "बरी हाय. माज्या जीपची सर नाय, पन बरी हाय." भावकीतली दहाबारा माणसं हसली. मग तो सरळ पुढच्या दाराशी गेला आणि हँडलला हात घातला.

आई आधीच तिथं उभी होती. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "दादा, तुमी मागं."

"मागं कुटं?"

"पार मागं. जागा धरून ठेवलीय तुमच्यासाटी."

"अगो, मी थोरला ना?"

"हा ना. म्हनून तं नारल तुमच्या हातानं फोडला."

सगळे बघत होते. देवीच्या पहिल्या फेरीला भांडण काढणं म्हणजे अपशकुन, आणि काका अपशकुनाला फार भितो. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मधली सीट दुमडून धरली. तो आत वाकला, एक पाय अडकला, टोपी पडली, मी उचलून दिली. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागत होतं.

जासईपर्यंत तो बोलत होता. कुणाची होडी विकली गेली, कुणाच्या पोरानं कंटेनरच्या यार्डात नोकरी धरली. मावशी मान मागे करून उत्तरं देत होती. मग कंटेनरचे ट्रेलर रांगेनं दिसायला लागले, जासई आली, आणि गाडीत आवाज बंद झाला.

"एसी मागं लागत नाय र," काका म्हणाला.

मी आरशात बघितलं नाही.

"पोरा, ऐकतंस का? एसी वाढव जरा."

खड्डा आला. मी तो चुकवू शकत होतो.

"अर हल्लू! आनि ही काच कशी उघडायची?" थोडं थांबून, हसत, "झोपल्याव काय गो सगल्या?"

धाकट्या मावशीनं खरोखर पदर तोंडात कोंबला होता, असं बायकोनं मला नंतर सांगितलं. आई समोर रस्त्याकडे बघत होती, ताठ.

"काय जाला र?" त्याचा आवाज बदलला. "कोनाला काय जाला का? ए बाय! काय तरी बोल."

गव्हाण फाटा गेला. आता मी आरशात बघितलं. तो दोन्ही हातांनी मधल्या सीटची पाठ धरून पुढे वाकला होता आणि आमची तोंडं दिसतायत का बघत होता. तिथून त्याला अंबाडे दिसत असणार आणि माझी मान. हाका मारून झाल्यावर त्याचा नुसता श्वास ऐकू यायला लागला.

दवाखाना आता तिथं नाही, मोबाइलची दुकानं झालीत. मी गाडी हळू केली. आई मागे न बघता म्हणाली, "आला पनवेल, आला."

कार्ल्याला उतरताना काकानं आधी कंबर धरली.

डोंगराच्या पायऱ्या चढताना तो माझ्या खांद्याला धरून चालत होता. बायका पुढे गेल्या होत्या. एका वळणावर तो बसला आणि म्हणाला, "मी सांगितला आसता ना, तं तिनं चालत्या गाडीतनं उडी मारली आसती. पोर तू ल्हान. मी गप रायलो." मी पाण्याची बाटली दिली. त्या क्षणी मला तो खरं बोलतोय असं वाटलं, आणि त्याचाही मला राग आला.

दर्शन झालं, ओटी भरली. खाली गाडीपाशी आई आधी पोचली. काका मागून येत होता. मी तिला तो काय बोलला ते सांगितलं. ती केळं सोलत होती.

"मारली आसती," ती म्हणाली. "मंग? माजी उडी व्हती ती. त्याची व्हती का?"

तेवढ्यात काका आला. कुणी काही म्हणायच्या आत त्यानं स्वतः मधली सीट दुमडली आणि गुपचूप शेवटच्या फळीवर जाऊन बसला. टोपी काढून हातात धरली.

मला वाटलं, झालं, आता आईचं मन भरलं असेल. पण ती चिडली. पुढच्या सीटवर बसून मला हळूच म्हणाली, "ह्याला कोनी सांगितला मागं बसायला? मी सांगनार व्हते." केळ्याची साल तिनं काचेतून बाहेर भिरकावली. "आपुनच जाऊन बसला! पुडच्या वख्ताला याला आनायचाच नाय."

घाट उतरलो. मावश्यांची बडबड पुन्हा सुरू झाली होती. मागून काहीच आवाज नव्हता. खोपोली गेल्यावर आई अस्वस्थ होऊन म्हणाली, "बघ र आरशात. झोपला का काय तो?"

मी बघितलं. काकाचे डोळे सताड उघडे होते आणि समोर आमच्या पाठींवर लागलेले होते.

"नाय," मी म्हणालो. "जागा हाय."

मग आई नीट टेकून बसली.