बदली विद्यार्थी

वर्गात हजेरीला ‘प्रेझेंट सर’ म्हणणारा गंगाराम एक आणि परीक्षेचा फॉर्म भरणारा गंगाराम दुसराच, हे प्रोफेसरांनी पकडलं. दोघांनाही माझ्या टेबलासमोर आणून उभं केलं. मी परळच्या एका मॉर्निंग कॉलेजात हेडक्लार्क होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते.

“ह्यो दामू, माजो बदली,” खरा गंगाराम बिनदिक्कत म्हणाला.

गिरणीत कामगार नसला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदली कामगार उभा करतात. गंगारामला सकाळची पाळी लागली की सातला गिरणीत जावं लागे. तेव्हा दुसऱ्या पाळीतला दामू त्याच्या जागी वर्गात बसे. यात काही चुकतंय, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

मी भडकलो. “अरे, ही काय गिरणी आहे? टर्म कशी देणार तुला?”

टर्म भरणं म्हणजे ठरलेली हजेरी पुरी करणं. ती नसेल तर युनिव्हर्सिटी परीक्षेला बसू देत नाही. गंगाराम रडकुंडीला आला. “वर्ष फुकट गेला तर घरची मंडळी परत शिकूक देवची नाय, साहेब.”

प्रकरण प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेलं. त्यांनी दामूला विचारलं, “वर्गात काय करायचास?”

“लिहून घ्यायचो. रविवारी माझ्या बीडीडी चाळीतल्या खोलीवर ह्याला समजावायचो.”

साहेबांनी वही मागवली. प्रोफेसर शिकवायचे इंग्रजीत. वहीत सगळं स्वच्छ मराठीत. मागणी-पुरवठा विचारला, तर दामूने तो मासळीवालीच्या टोपलीवरून सांगितला. मी बी.ए. झालेला माणूस, पण मला तो त्या दिवशी नीट कळला. लाज वाटली, आणि दामूचं फार कौतुकही वाटलं.

“तू स्वतः का नाही नाव घातलंस?” साहेबांनी विचारलं.

“माझीही पाळी बदलतेच की, साहेब.”

साहेबांनी वही मिटली. मग मला म्हणाले, “युनिव्हर्सिटी आधी नुसत्या परीक्षा घ्यायची. मग शिकवायला लागली. आता तिने गिरणीचा भोंगा ऐकायला शिकावं.”

टर्म मात्र त्यांनी दिली नाही. नियम तो नियम. पण त्याच संध्याकाळी ते लालबागला गंगारामच्या खोलीवर गेले आणि त्याच्या वडिलांसमोर हात जोडून म्हणाले, “आणखी एक वर्ष द्या. चूक आमच्या टाइमटेबलची आहे.”

जूनपासून प्रत्येक लेक्चर दोनदा, सकाळी आणि सकाळची पाळी सुटल्यावर दुपारी चारला. प्रोफेसर कुरकुरले, मीही कुरकुरलो. दामूने स्वतःच्या नावावर प्रवेश घेतला. पुढे दोघेही पदवीधर झाले.

धडा एवढाच: नियम मोडणाऱ्याला शिक्षा जरूर करावी, पण आधी त्याची वही उघडून बघावी.