पिवळ्या बसमधला उतारू

दामोदर कंडक्टरला अमेरिकेबद्दल काही विचारायचं नाही, अशी ताकीद जव्हारच्या बस स्टँडासमोरचा चहावाला नेहमीच्या गिऱ्हाइकांना देऊन ठेवायचा. विचारलं की तासभर बाकडं अडणार आणि चहा एकच खपणार. तरी दाभोशाच्या धबधब्याकडची जीप भरायची वाट बघत बसलेला एखादा नवखा विचारायचाच, की काका, मुलाकडं सहा महिने राहून आलात म्हणे, कसा आहे देश? मग दामोदर बशी खाली ठेवायचा आणि सुरू व्हायचा.

देश मोठा आहे, पण त्यात पायी माणसाला जागा नाही, असं तो सांगायचा. फूटपाथ सुरू होतो आणि मध्येच संपतो, बांधणाऱ्याला जेवायला बोलावलं आणि तो परत आलाच नाही, असा. चालायचं असेल तर गाडी काढून दुकानात जातात आणि तिथं फिरत्या पट्ट्यावर चालतात. घराला पुढचं दार असतं, पण त्यातून कोणी येत नाही. सगळे गॅरेजमधून आत शिरतात. शेजारी खत घालून गवत वाढवतो, दर शनिवारी ते कापतो आणि कागदी पिशव्यांत भरून कचऱ्यात देतो. एवढं हिरवं गवत, आणि तोंड लावायला एक जनावर नाही. दोरीवर कपडे वाळत घातले तर सोसायटीची चिठ्ठी येते. कसे आहात म्हणून विचारतात, पण तुम्ही सांगायला तोंड उघडेपर्यंत माणूस पुढच्या वळणावर गेलेला असतो.

ऐकणारे हसायचे. दामोदर हसायचा नाही, कारण तो चेष्टा करतच नव्हता. तो भडकलेला होता. पण ऑगस्टात परत आल्यापासूनचं ते भडकणं गवताबद्दल किंवा गॅरेजबद्दल नव्हतंच. ते एका पिवळ्या बसबद्दल होतं, आणि ती गोष्ट तो कोणाला सांगत नव्हता. वाईट एवढंच, की ती त्याच्याआधी जव्हारात पोचली होती, तीही पार उलटी होऊन.

दामोदरनं एकतीस वर्षं जव्हार-मोखाड्याच्या घाटांत एसटीत तिकिटं फाडली. गाड्यांवर ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ अशी पाटी लागली तेव्हा त्याला नवल वाटलं, कारण तो आधीपासून तेच करत आला होता. हात दिसला की घंटीची दोरी ओढायची. शाळेची पोरं, बाळंतीण, तलाठी, नाचणीचं पोतं, खुराड्यातल्या कोंबड्या, सगळं त्याच एका गाडीत बसायचं. शाळेला गाडी वेगळी आणि माणसांना वेगळी, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. गाडी रस्त्यानं जाते आहे, सीट खाली आहे आणि माणूस रस्त्यावर उभा आहे, मग आणखी काय लागतं?

बायको सुशीला चार वर्षांपूर्वी वारली. मुलगा पराग ओहायोत कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्यानं फेब्रुवारीत बापाला नेलं. तिथं दामोदरला एकच काम होतं. तिसरीतल्या नातीला, स्वराला, सकाळी कोपऱ्यापर्यंत सोडायचं. आठाला दहा कमी असताना शाळेची पिवळी बस यायची, लाल दिवे लावायची आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबायच्या. एका पोरीसाठी एवढा रस्ता थांबतो, हे त्याला त्या देशातलं सगळ्यात आवडलेलं काम. पण कंडक्टरची नजर जाते कुठे? अठ्ठेचाळीस सीट, अकरा पोरं. रोज. बस त्याच रस्त्यानं तीन किलोमीटरवरच्या लायब्ररीवरून पुढे जायची आणि दामोदरला लायब्ररीत जायचं असायचं. पराग म्हणायचा, शनिवारी नेतो. शनिवारी स्वराचं फुटबॉल निघायचं. एकदा तो चालत निघाला तर एका बाईनं गाडी थांबवून विचारलं, तुम्ही हरवला आहात का?

मेच्या पहिल्या आठवड्यात त्यानं ठरवलं. स्वरा चढली, तिच्यामागोमाग त्यानं ड्रायव्हरला दिसेल असा हात वर केला आणि पायरी चढला. लायब्ररी, वन टिकीट, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. रोज गुड मॉर्निंग म्हणणारी ती ड्रायव्हरबाई एकदम ताठ झाली आणि उतरा म्हणाली. तिला जागेची काळजी वाटते आहे असं दामोदरला वाटलं. त्यानं मागच्या रिकाम्या सीट दाखवल्या आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. स्वरा उठून उभी राहिली आणि हे माझे आजोबा आहेत, ते बसचे कंडक्टर आहेत, असं तीन-तीनदा ओरडून सांगत होती. बाई रेडिओवर बोलत होती. पोरीचं कोणी ऐकलं नाही.

पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. दामोदरला खाली उतरवून हात दिसतील असे वर धरायला लावलं. पराग ऑफिसातून धावत आला. त्यानं बापाकडे एकदा पाहिलं आणि पोलिसाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. त्यातला एक शब्द दामोदरला नीट ऐकू आला, कन्फ्यूज्ड, म्हणजे डोकं ठिकाणावर नसलेला. पोलिसाचा चेहरा लगेच मऊ झाला. लहान मुलाशी बोलावं तसं तो सावकाश बोलला आणि जाताना दामोदरच्या खांद्यावर दोनदा थोपटून गेला. हात वर करायला लावले ते दामोदर विसरला असता. ते थोपटणं तो विसरला नाही.

गाडीत त्यानं मुलाला विचारलं. पराग म्हणाला की केस झाली असती, व्हिसा गेला असता, एवढं बोललो म्हणून सुटलो. हे खरंही असेल. संकटात माणूस काहीही बोलतो, हे दामोदरनं घाटात बंद पडलेल्या गाडीत कितीदा पाहिलं होतं. घरी आल्यावर पराग ‘बाबा, चुकलं’ म्हणाला असता तर विषय तिथंच संपला असता. पण दुसऱ्या दिवशी प्रिंटरमध्ये एका पत्राची राहिलेली प्रत सापडली. शाळेनं लेखी खुलासा मागितला होता आणि परागनं तो दिला होता. दामोदर जुना मॅट्रिक, इंग्रजी सावकाश वाचतो, पण वाचतो. माझ्या वडिलांची स्मरणशक्ती कमी होत चालली आहे, त्यांना ठिकाण आणि प्रसंग कळत नाही, यापुढे त्यांना एकट्यानं घराबाहेर सोडणार नाही. खाली परागची सही. दामोदरनं कागदाची चौघडी करून डायरीत ठेवली. पुढचे तीन महिने तो खरंच एकट्यानं बाहेर गेला नाही. स्वराला कोपऱ्यावर सून समृद्धी सोडायला लागली, आणि तो खिडकीतून अकराच पोरं मोजत राहिला.

जव्हारला आल्यावर तरी हे मागे पडायचं. पण परागनं आधीच शेजारच्या हेमंतला फोन करून ठेवला होता, की लक्ष ठेवा, बाबांना हल्ली विसरायला होतं. हेमंतचं पत्र्यांचं आणि पाइपांचं दुकान. दामोदरच्या घराच्या जागेवर गोडाऊन बांधायचं त्याच्या मनात कधीपासून होतं. त्यानं लक्ष ठेवलं, आणि अख्ख्या आळीला ठेवायला लावलं. सकाळी कोणी ना कोणी गॅस बंद केलात का म्हणून विचारायचं. औषधवाला एकच गोळी दोनदा समजावून सांगायचा. बस स्टँडवर नवा कंट्रोलर त्याला हाताला धरून बाकावर बसवायचा. मायेनं वागायचे सगळे, आणि त्या मायेनं दामोदरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तो खवळून औषधवाल्यावर ओरडला, तर औषधवाल्यानं बाजूच्या गिऱ्हाइकाकडे समजुतीनं पाहिलं. म्हणजे ओरडायचीही सोय राहिली नाही.

तोंडावर विचारलं ते एकाच बाईनं. पोशेऱ्याची हौशी, पंचवीस वर्षं त्याच्या गाडीनं पाटी घेऊन बाजाराला आलेली. बाजारात तिनं त्याला अडवलं.

"कंडक्टर, तुझा डोका फिरला असा लोकं सांगतात. खरा हाय का?"

"तुला काय वाटतं?"

"मना काय ठावा? सांग, मी कुठं उतरायची?"

पोशेऱ्याच्या अलीकडे, मोहाच्या झाडापाशी, जिथं थांबा नाही तिथं, असं दामोदरनं सांगितलं. आणि तू कधी उतरायचंय म्हणून सांगायची नाहीस, पाय आपटायचीस. हौशी खदखदून हसली, पाटीतले मूठभर करांद्याचे कंद त्याच्या पिशवीत टाकले आणि चांगला आहेस की, म्हणून पुढे गेली. त्या दिवशी दामोदरला दोन घास जास्त गेले.

डिसेंबरात पराग आला, एकटा, दहा दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी सगळं बाहेर आलं. नाशिकला वृद्धांसाठी चांगलं निवास आहे, नर्स असते, बाग आहे. इथलं घर हेमंतला द्यायचं, बोलणं झालं आहे, तुमची फक्त सही लागेल. दामोदरनं हे घर नोकरीत असताना विटेवर वीट चढवून बांधलं होतं. खिडकीत बसलं की स्टँडात शिरणारी प्रत्येक गाडी दिसायची आणि ती कुठली हे तो पाटी न वाचता सांगायचा. त्यानं होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. संध्याकाळी हेमंतला कागद घेऊन येऊ दे, एवढंच म्हणाला. परागला हायसं वाटलं.

संध्याकाळी हेमंत कागद घेऊन आला, पेढेही घेऊन आला. चहा झाला. मग हेमंत म्हणाला की एक बारीक गोष्ट राहिली, काकांचं वय सत्तरच्या पुढे, तेव्हा सहीआधी डॉक्टरचा दाखला जोडा असं वकिलानं सांगितलंय.

"कसला दाखला?" दामोदरनं विचारलं.

"फॉर्मॅलिटी आहे बाबा," पराग म्हणाला. "तुमची बुद्धी शाबूत आहे, तुम्हाला सगळं कळतं, एवढं लिहायचं. डॉक्टरांशी मी बोलून ठेवलंय."

दामोदर उठला. कपाटातून डायरी काढली, चौघडी उघडली आणि कागद मुलापुढे ठेवला.  सात महिने तो त्यानं जपून ठेवला होता.

"वाच. हेमंतला इंग्रजी जमत नाही, मराठीत वाच."

परागनं कागद ओळखला. बाबा, हे आत्ता कशाला, असं तो पुटपुटला. दामोदर नुसता समोर उभा राहिला. तिकीट न काढता बसलेल्या उतारूपुढे तो असाच उभा राहायचा, आणि तसा उभा राहिला की माणूस खिशात हात घालायचाच. परागनं वाचायला सुरुवात केली. माझ्या वडिलांची स्मरणशक्ती कमी होत चालली आहे. त्यांना ठिकाण आणि प्रसंग कळत नाही. तिसऱ्या वाक्याला तो थांबला. हेमंतनं पेढ्यांचा पुडा उगाच सरळ केला.

"तिथं माझं डोकं गेलं म्हणून तू लिहून दिलंस," दामोदर म्हणाला. "इथं ते जागेवर आहे म्हणून लिहून घेतोस. तुझ्या सोयीनं माझं डोकं जातं आणि येतं. यातलं खोटं कुठलं, ते ह्याच्यासमोर सांग."

 मग पराग मान खाली घालून म्हणाला, "ते. तिथलं. मला लाज वाटली होती बाबा. सगळ्या गाड्या थांबल्या होत्या, शेजारी बघत होते. तुम्हाला काही झालेलं नव्हतं. मला माहीत होतं."

"स्वरालाही माहीत होतं. आठ वर्षांची पोर भर बसमध्ये उभी राहून सांगत होती."

 दामोदरनं परागला फोन काढायला लावला आणि शाळेला तिथल्या तिथं नवं पत्र लिहायला लावलं. वडील पूर्ण शुद्धीत होते, मागचा मजकूर मी खोटा लिहिला. एकेक वाक्य मराठीत करून घेतलं, एका ठिकाणी परागनं गैरसमज असा शब्द घातला तो काढायला लावला, मग पाठवायला सांगितलं. पत्र गेलं हे परागनं स्क्रीनवर दाखवलं. दामोदरनं चष्मा लावून ते पाहिलं.

हेमंतला वाटलं, आता वादळ शमलं. त्यानं खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि कागद पुढे सरकवले.

दामोदरनं कागद नीट जुळवले आणि त्याच्या हातात परत दिले.

"माझं डोकं ठिकाणावर आहे हे आता लेखी झालंय," तो म्हणाला. "तेव्हा सांगतो, सही करणार नाही. पेढे घेऊन जा."

हेमंत गेला. पराग खाली बघत बसून राहिला. बाहेर एक गाडी स्टँडात शिरत होती, आणि दामोदर खिडकीपाशी जाऊन म्हणाला, मोखाडा, दहा मिनिटं उशिरा.